अर्ध्या अंगाचा कागद

९ जानेवारी

ती. मावशी,

नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय सोबतचा मांजरपाटाचा तुकडा फोनमधून पाठवता आला नसता.

काल बैठकीत एक वाक्य बोलून बसले आणि आता ते निस्तरायचं आहे. आमच्या संग्रहालयात दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा एक झगा आहे. गडद जांभळं रेशीम, पुढे सोळा हूक, खाली भला मोठा घेर. हात लावला की रेशीम पापुद्र्यासारखं सुटतं, त्यामुळे तो खणातच राहणार. पण २५ एप्रिलला नवं दालन उघडतंय. तिथे कुणीतरी त्याची हुबेहूब प्रत घालून लोकांना माहिती सांगावी, अशी प्रमुख बाईंची इच्छा. प्रत शिवणार कोण, यावर सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी शिवते."

"तू? नोंदवह्या ठेवणारी?"

"या झग्याची नोंद मीच केलीय. बारा वर्षांपूर्वी. आणि माझी मावशी शिवणकाम करायची."

"मावशी शिवायची, म्हणून तुला येतं?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहऱ्यावर होतं. मला १० एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी झगा पसंत पडला नाही, तर नाटकवाल्यांकडून भाड्याने आणायचा. नाटकवाल्यांचा झगा मी पाहिलाय. त्याला पाठीत चेन आहे. पाठीत चेन असलेला झगा घालून मी लोकांना चेन नसलेल्या काळाबद्दल सांगणार! ते मी होऊ देणार नाही.

दुकानातून तयार पॅटर्नचं पाकीट आणलं. वर छान चित्र, 'एकोणिसाव्या शतकातील पोशाख' असं छापलेलं. आतले कागद मूळ झग्याच्या मापांशेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. कागदात खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर आहे. मूळ झग्यात ती दीड इंच मागे, पाठीवर उतरलेली. कागदातला मुंढा एवढा मोठा, की हाताऐवजी डोकं जाईल. कंबर इंचभर खाली. सगळं अंगापेक्षा चार इंच सैल. आणि तीच ती चेन. आजच्याच बाईचा कपडा आहे, चित्र तेवढं जुनं.

तरी म्हटलं, हाच कागद दुरुस्त करत करत मूळ झग्यापर्यंत न्यायचा. शून्यापासून आखणी मला जमणार नाही. कागद नेहमीप्रमाणे अर्ध्या अंगाचा आहे. कापड दुहेरी करायचं, कागद ठेवायचा, कापायचं, उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. पहिला कच्चा नमुना मांजरपाटात शिवला आणि अंगावर चढवला. गळ्यापासून उजव्या काखेकडे एक तिरकी घडी पडते. गळा डावीकडे सरकतो. ओढून बघितलं, टाचण्या लावून बघितल्या, जात नाही. घडी जिथे पडते तिथलाच तुकडा कापून पाठवतेय, पेन्सिलीने खूण केली आहे.

मी कुठे चुकले ते सांग. स्पष्ट सांग, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण सांग.)

तुझी भाची


१६ जानेवारी

चि. शंकासुरास आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार पानांत एकदाही माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही. ठीक आहेत, विचारल्याबद्दल धन्यवाद.

चाळीस वर्षं गणवेश आणि लग्नाचे कपडे शिवले, पण असला घेर मी शिवलेला नाही. तरी अंग ते अंगच. आता ऐक. आधी मुंढा लहान कर. काखेत वर ने, इतका वर की हात हलवला तर कंबर उचलली जाऊ नये. लोकांना वाटतं मुंढा मोठा केला की हात मोकळा होतो. उलट असतं. मग कमरेला दोरा बांध, दोनदा वाक, दोनदा वळ, दोरा जिथे थांबेल ती तुझी कंबर. कागदावर छापलेली कंबर विसर. खांद्याची शिवण मागे न्यायची, तर पुढच्या तुकड्याला जेवढं जोडशील तेवढंच पाठीच्या तुकड्यातून काप. आणि आतला कॉर्सेट, तो अंग आवळणारा पट्टा, घालूनच माप घे, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागेल. शिवणीत माया भरपूर ठेव. माया कापून टाकायला एक मिनिट लागतं, आणायला कुठून आणशील?

घडीचं मागून बघू. पण एक सांग, हा झगा घालणार कोण? तूच का? तिथे दुसरी कोणी नाही का, सडसडीत, उंच, जिच्या अंगावर काहीही बसेल अशी?

मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशी,

गुडघे कसे आहेत?

तू सांगितलंस ते सगळं केलं. मुंढ्याचं तर मला आश्चर्यच वाटलं. लहान केल्यावर हात खरंच सुटा झाला. मी कॉर्सेट घालून नोंदवह्यांच्या खोलीत हात वर-खाली करत होते, तेवढ्यात प्रमुख बाई आत आल्या. दार ओढून घेऊन परत गेल्या.

बाह्या दोन तुकड्यांच्या केल्या, कोपरात वाकलेल्या. त्या मूळ झग्याशी अगदी जुळतात. घेर खऱ्या रेशमातच शिवून झाला. पाकिटात नुसत्या चुण्या काढायला सांगितलंय, तसं मी केलं नाही. मूळ झग्यात कमरेला काडीएवढ्या बारीक घड्या आहेत, एकाला एक लागून उभ्या, आणि प्रत्येक घडी वेगळ्या टाक्याने कमरपट्टीला धरलेली. दोनशे बारा घड्या. पहिल्या साठ उसवल्या, कारण अंतर कमी-जास्त होत होतं. बाहेरून कुणाला दिसलं नसतं. मला ठाऊक होतं ना.

म्हणजे आता राहिला फक्त वरचा भाग, आणि तिथेच गाडी अडली आहे. तिसरा नमुना झाला, घडी तिथेच. उजव्या काखेकडे. पहिल्यांदा वाटलं माझी शिवण खराब. मग कापड तिरकं कापलं गेलं असेल असं वाटलं. दोन्ही तपासलं. आता माझा संशय कागदावर आहे. छापतानाच काहीतरी चुकलेलं असणार.

झगा मीच घालणार. नोंद माझी, शिवण माझी, तिथे बोलणारं तोंडही माझंच हवं. पण तू असं का विचारलंस? दोन दिवस विचार करतेय. मी जाड झालेय असं तुला कुणी सांगितलं का? ताईने सांगितलं असेल. तुझ्या लेकीला म्हणावं, तिनेही एकदा आरशात बघावं.

तुझी


८ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

तुझ्या जाडीबद्दल कुणी काही बोललेलं नाही. माझी लेक स्वतःच्याच काळजीत आहे.

खराब शिवण नाही, कापडही तिरकं नाही. तुकडा पाहिला, टीप सरळ आहे. लहानपणी मी तुला टीप मारायला शिकवलं ते वाया गेलेलं नाही.

असं कर. उजव्या खांद्याच्या आत अस्तराखाली कापसाची गादी शिव. तीन थर. बाहेरच्या टोकाला जाड, गळ्याकडे येता येता पातळ, कडा पिंजलेल्या, म्हणजे वरून कळत नाही. फक्त उजव्या बाजूला. घडी जाईल, गळा मध्ये येईल, तुझ्या बाई खूश होतील. का ते विचारत बसू नकोस. एकदा तरी आयुष्यात सांगितलेलं नुसतं कर.

मावशी


१९ फेब्रुवारी

ती. मावशी,

रागावू नकोस, पण गादी लावणार नाही.

तू घडी न बघता, मला न बघता, तीन थरांपर्यंत सांगितलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. चाळीस वर्षं हात चालला की असं होत असावं. पण मूळ झग्याच्या खांद्यात गादी नाही. मी नोंदीत स्वतः लिहिलंय: 'अस्तर साधे, भरणी नाही.' आता चांगलं दिसावं म्हणून मी आत गादी दडवली, तर मी आणि पाठीत चेन लावणारे यांच्यात फरक काय राहिला? तेही चांगलं दिसावं म्हणूनच लावतात. या वरच्या भागात मूळ झग्यात जे नाही, ते मी घालणार नाही. हे मी ठरवलंय आणि बाईंनाही सांगून बसलेय.

चौथा नमुना पण तसाच झाला. म्हणून काल पॅटर्नच्या कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं, दोन आकृत्या. तुमच्या अमुक क्रमांकाच्या कागदात उजव्या खांद्याला दोष आहे, असं सप्रमाण दाखवलंय. पत्र टाकून आल्यावर मनात आलं, कागद तर अर्ध्याच अंगाचा असतो, त्याला उजवा खांदा कुठून असणार? पण तोवर पोस्टमन पेटी रिकामी करून गेला होता. तरी काहीतरी त्यांचंच चुकलेलं असणार. कारण दुसरं कोण चुकणार? मी चार वेळा तपासलंय.

तुझ्या त्या जुन्या पेटाऱ्याची आठवण झाली. सगळ्यांचे कागद तू गुंडाळून ठेवायचीस, नावाची चिठ्ठी लावून. ताईचा एक कागद असायचा, माझे दोन. मला वाटायचं मी लाडकी आहे. ताईची एकदा माप घेतलं की सुटका, आणि मला तू तासभर टेबलावर उभी करायचीस. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "तुझं अंग मानी आहे, कापडाला लगेच हो म्हणत नाही." हे तुझं वाक्य माझ्या वहीत आहे.

पाचवा नमुना सोमवारी कापते. काय चुकतंय ते शोधून काढल्याशिवाय मी थांबणार नाही.

तुझी


२६ फेब्रुवारी

चि. शंकासुरा,

पाचवा कापू नकोस. कापड वाया जातंय आणि कंपनीतल्या लोकांना उगाच चार पानं वाचावी लागतायत.

कागदात चूक नाही. तू अकरा वर्षांची होतीस. गणवेशाचं माप घ्यायला तुला टेबलावर उभं केलं, पाठीवर टेप धरला आणि मला दिसलं. उजवा खांदा खाली होता. पुन्हा मोजलं. तुला हसवलं, हात वर करायला लावले, पुन्हा मोजलं. पाऊण इंच. रात्रभर तळमळले आणि सकाळी ताईला, तुझ्या आईला, सांगितलं. तुला डॉक्टरकडे नेलं ते खोकल्यासाठी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा थोडा वळलाय, फार नाही, त्रास व्हायचा नाही, पोहायला घाला. तुला वाटतं तुझ्या बाबांना पोहण्याची हौस होती. त्यांना तर पाण्याची भीती वाटायची, काठावर घाम पुसत बसायचे.

ताईने माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, "ही एका प्रश्नातून दहा काढणारी पोर. हिला कळलं तर आरशापुढून हलायची नाही." मला पटलं. खरं सांगू, आजही अर्धं पटतं.

त्या दिवसापासून तुझं काहीही मी दुहेरी कापडावर कापलं नाही. डावा कागद वेगळा, उजवा वेगळा. उजव्या खांद्यात गादी, कापूस असा पिंजून की तुझ्या हाताला लागू नये. तू नोकरीसाठी बाहेर पडलीस तोवर माझ्या एकाही कपड्यात तुझा खांदा उतरलेला दिसला नाही. याचा मला अभिमान होता. आता लिहिताना तो जरा टोचतोय.

गादी झग्यासाठी सांगितली नव्हती ग, तुझ्यासाठी सांगितली होती. आता तुझी आई नाही, शब्द मोडला तरी ती रागावणार नाही. तू रागावशील. रागव.

मावशी


२१ मार्च

ती. मावशी,

तेवीस दिवस लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात तुला लिहिलेली तीन पत्रं वहीत आहेत. ती पाठवणार नाही. त्यातलं निम्मं खोटं आहे आणि निम्मं आईला लिहिलेलं आहे.

एवढंच सांगते. आई मला रोज म्हणायची, "नीट उभी राहा." पाहुण्यांसमोर, फोटो काढताना, परीक्षेला निघताना. मी नीटच उभी असायचे. तिला ठाऊक होतं मी नीट उभी आहे, तरी म्हणायची. मला वाटायचं मी आळशी आहे, माझ्यात काहीतरी ढिलं आहे. पर्सचा पट्टा उजव्या खांद्यावरून घसरतो, तर वीस वर्षं मी पट्ट्यांना दोष दिला. तयार कपड्यांच्या दुकानात तर मी इतकी भांडलेय, 'हल्ली कुणाला नीट कापताच येत नाही' हे इतक्या ठामपणे ऐकवलंय, की एका दुकानातला माणूस मला बघून मागच्या खोलीत जातो. आता त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

तुझ्यावर राग आहे. तू रात्रभर तळमळलीस हे वाचून रडूही आलं. दोन्ही आहे. आई असती तर राग तिच्या वाट्याला गेला असता, तो तुला एकटीला मिळतोय. हे बरोबर नाही हे कळतं, पण कमी होत नाही अजून.

मग मोजलं. भिंतीवर वजन बांधून दोरा सोडला, कॅमेरा समोर ठेवला, दोऱ्याला पाठ करून उभी राहिले. पाऊण नाही, एक इंच झालाय. काखेपासून कमरेपर्यंत उजवी बाजू अर्धा इंच कमी. मी फोटो बराच वेळ बघत बसले. आईचं म्हणणं खरं ठरलं, आरशापुढून हलले नाही. पण चौथ्या दिवशी हलले.

कारण मला दुसरंच आठवलं. कागदावर मी खापर फोडलं, पण मूळ झग्याची मापं कुठून घेतली होती? माझ्याच नोंदीतून. वही काढली. 'डावा खांदा' याच्यापुढे आकडा. 'उजवा खांदा' याच्यापुढे माझ्या अक्षरात: 'तोच.' 'डावी काख ते कंबर', आकडा. 'उजवी', 'तेवढीच.' मावशी, मी उजवी बाजू मोजलीच नव्हती. बारा वर्षांपूर्वी अर्धा झगा मोजला आणि उरलेला गृहीत धरला. गेल्या बारा वर्षांत दोन अभ्यासक ती मापं उतरवून घेऊन गेले.

हातमोजे घालून झगा खणातून काढला आणि तीन दिवस मोजला. अस्तर चाचपून पाहिलं, भरणी खरंच नाही, तेवढं बरोबर लिहिलं होतं. पण दोन बाजू सारख्या नाहीत. डाव्या खांद्याची शिवण सुतभर लांब, उजवीकडचा मुंढा जरा मोठा, कमरेजवळच्या चिमट्या एका बाजूला आत सरकवलेल्या. तो झगा घालणारी बाई कोण होती ठाऊक नाही. पण जिने शिवलं तिने तिला दोन्ही बाजूंनी मोजलं होतं, आणि जसं होतं तसं कापलं होतं. म्हणजे इतके दिवस मी बारकावे जपतेय असं समजत होते आणि मुळावरच घाव घालत होते. दोन्ही बाजू घडी घालून एकदम कापल्या, तिथेच माझा झगा आजचा झाला.

दोन्ही अभ्यासकांना पत्रं लिहिली, मापं चुकीची आहेत, चूक माझी आहे. कंपनीलाही माफीचं पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं. माझ्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार मानलेत आणि पुढच्या पाकिटावर सवलत दिलीय.

आता ठरलं. उजवा कागद वेगळा, डावा वेगळा, एक इंचाचा फरक तसाच ठेवून. गादी नाही. झगा माझ्या अंगावर बसेल, जसा तो तिच्या अंगावर बसला होता.

तुझी भाची


२६ मार्च

चि. बाळे,

पत्र दोनदा वाचलं. रागाचं जे लिहिलंस ते माझ्याकडे राहू दे, मला पेलतं.

पण गादीचा हट्ट सोड. वेगळं कापलंस तर घडी जाईल, गळा मध्ये येईल, हे खरं. पण खांदा खाली आहे ते उघड दिसेल. तिथे शेकडो लोक येणार. तू उंचावर उभी राहून बोलणार, सगळे तुझ्याकडेच बघणार. बत्तीस वर्षं मी जे कळू दिलं नाही ते तू एका दिवसात वेशीवर टांगणार? तीन थर नको, एक लाव. एका थराने कुणाचं काय बिघडतं? तुझं ते मूळ झग्याचं तत्त्व मला कळतं ग. पण त्या बाईला तरी कुणी विचारलं होतं, गादी हवी का म्हणून?

मावशी


२९ मार्च

मावशी,

विचारलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. मला मात्र या वेळी विचारलं गेलंय आणि मी नको म्हणतेय.

पण एक अडचण आहे. स्वतःच्या पाठीवर स्वतःला टाचणी लावता येत नाही. दोरा, कॅमेरा, आरसा सगळं करून बघितलं. हात मागे नेला की खांदा हलतो आणि माप बदलतं. इथे कुणाला सांगू? बाईंना सांगितलं तर त्या नाटकवाल्यांना फोन लावतील. १० तारखेला बारा दिवस राहिलेत.

बसचं तिकीट सोबत आहे. खिडकीची जागा, पुढून तिसरी रांग, तुला बस लागू नये म्हणून. गुडघ्यांसाठी खालची खोली रिकामी केली आहे. माझ्या मताशी सहमत होऊन येऊ नकोस. नुसती ये आणि टाचण्या लाव.

तुझी


९ एप्रिल

चि. बाळे,

घरी सुखरूप पोचले. शेजारच्या सीटवरच्या बाईला सगळी कथा सांगितली, ती तिचा थांबा चुकली.

तोंडावर जे जमलं नाही ते लिहिते. पहिल्या दिवशी तू पाठ करून उभी राहिलीस तेव्हा माझा हात सवयीने तुझ्या उजव्या खांद्याखाली गेला, गादी किती लागेल ते बघायला. तू थांबलीस नुसती. मी हात काढला. तेवढा एक क्षण मला आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जड गेला.

मग मी तुला पहिल्यांदा आहे तशी मोजली. उजवा मुंढा इंचभर खाली घेतला, पाठीची मधली शिवण तुझ्या कण्याच्या वळणाने जाऊ दिली, ओढून सरळ केली नाही. कापड एकदम शांत झालं. एकही घडी नाही. मी चष्मा पुसून परत बघितलं. तुझ्या लहानपणी मी इतकी मेहनत घेऊन जे करत होते त्यात कापड कधी इतकं शांत बसलं नव्हतं. गादीच्या कडेला बारीकशी ओढ राहायचीच, मलाच दिसायची.

समारंभाला थांब म्हणालीस, थांबले नाही. तुला कारण वेगळं सांगितलं. खरं हे की लोकांनी तुझ्याकडे तसं बघितलेलं मला बघवणार नाही. तू धीट आहेस. मी अजून झालेली नाही.

उद्या बाई काय म्हणतात ते कळव. हुकांची काजं हातानेच केली असशील ना?

मावशी


२६ एप्रिल

ती. मावशी,

आधी १० तारखेचं. बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या, "चाल." मी चालले. "वाक." वाकले. "हात वर कर." केले, कंबर तसूभर उचलली नाही. मग म्हणाल्या, "एक बाजू खाली दिसतेय. शिवताना राहिलं का काही?"

मी म्हटलं, "शिवताना काही राहिलेलं नाही. माझी उजवी बाजू खाली आहे. झगा बरोबर आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. माझाही झाला असणार. "मग... काही भरून घेता येणार नाही का?"

"येईल. मग ती या झग्याची प्रत राहणार नाही." आणि मी त्यांच्यापुढे नोंदवही ठेवली. जुनी 'तोच' वाली मापं आणि शेजारी नवी. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. वीस मिनिटं. मी कॉर्सेटमध्ये उभी. मग त्यांनी नाटकवाल्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुमचा झगा नको. हो, चेनवाला. आमचा झालाय." फोन ठेवून मला म्हणाल्या, "ही सगळी कहाणी लोकांना सांगायची हं. झग्याची. तुझी नाही सांगितलीस तरी चालेल."

काल दालन उघडलं. सकाळी सोळा हूक लावायला पंधरा मिनिटं लागली. पहिल्या गटासमोर मी उजव्या बाजूला भिंत राहील अशी उभी राहिले. दुसऱ्या गटासमोरही. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मग हे पत्र अर्धंच मोजलेलं झालं असतं. तिसऱ्या गटाला मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. बहुतेकांनी घेराकडेच बघितलं. एका लहान मुलीने विचारलं, "याच्यात बसता कसं?" मी बसून दाखवलं, झगा चहूकडे पसरला, ती खूश झाली.

दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. एकट्याच. बोटांच्या टोकांना सुईची बारीक भोकं, तुझ्यासारखी. त्यांनी चित्रं बघितली नाहीत, पाट्या वाचल्या नाहीत. सरळ माझ्याभोवती एक फेरी मारली आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"उजवा खांदा खाली आहे तुमचा."

आजूबाजूला आठ-दहा माणसं होती. सगळी ऐकत होती.

"हो," मी म्हटलं. "एक इंच."

"बाजू वेगवेगळ्या कापल्यात."

"हो."

"टाचण्या कुणी लावल्या? हे एकटीचं काम नाही."

"माझ्या मावशीने."

त्यांनी मान हलवली, जशी तू एखादी चांगली टीप बघून हलवतेस, कौतुक न सांडता. मग बोटाने हवेत एक गोल काढला. "वळा बघू. पाठ बघायची आहे मला."

मी वळले.

तुझी भाची